भाच्याचे रघुजीराजे आणि लेकीचे 'बोर्गी': दोघांच्या पुस्तकांत वेगवेगळा इतिहास, काय सांगू?

महालची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. इतिहासाच्या पुस्तकांवरचे धागे इथे नवीन नाहीत, आणि दहाव्या प्रतिसादापर्यंत ते कुठल्या ना कुठल्या पक्षावर घसरतात हेही नवीन नाही. माझा प्रश्न घरातला आहे. तो घरातलाच राहू द्या, ही हात जोडून विनंती.

मी नागपूरची, महालातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे कोलकात्यात सॉल्ट लेकला राहते. लेक आठवीत, बंगालच्या राज्य मंडळाची शाळा. भाचा नागपुरात सातवीत, त्याचं बालभारती. यंदा पूजेच्या सुट्टीत भाऊ-वहिनी त्याला घेऊन आमच्याकडे आले होते. भाच्याच्या डोक्यात सध्या एकच विषय, रघुजीराजांची तलवार. लंडनच्या लिलावातून ती राज्य सरकारनं ४७ लाखांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, ती बातमी नागपुरात किती गाजली असेल ते सांगायला नको. तो मोठ्या हौसेनं सांगत होता की रघुजी भोसल्यांनी पार बंगालपर्यंत धडक मारली होती. लेक जेवता जेवता थांबली. "थांब थांब. म्हणजे ते बोर्गीवाले? ते *तुमचे* होते?"

'तुमचे' म्हणाली, बरं का. नाव-आडनाव अस्सल वऱ्हाडी, आणि म्हणते तुमचे.

मग पुस्तक आलं. अठराव्या शतकाच्या धड्यात अलिवर्दीखान नवाब, आणि १७४२ पासून वारंवार येणारे मराठे घोडेस्वार. गावं लुटली, लोक भागीरथी ओलांडून पूर्वेला पळाले, विणकरांचे धंदे बसले. भाच्यानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा लालबुंद. "साफ खोटं आहे. मराठे रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावत नसत." हे त्याच्या पुस्तकातलं. दोघंही पुस्तकातलंच बोलत होते, हीच पंचाईत.

त्यात शेजारच्या दिदांची भर. (दिदा म्हणजे आईची आई, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांच्या त्या दिदाच.) लेक लहान असताना त्यांनी तिला मांडीवर घेऊन जी अंगाई म्हटली, ती इथल्या घराघरातली आहे: बाळ झोपलं, वस्ती निजली, मुलखात बोर्गी आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता सारा भरू कशानं? मी स्वतः ती ऐकत तिच्यासाठी दूध गरम केलं आहे आणि हे बोर्गी म्हणजे आमच्या महालातून निघालेले बारगीर, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. कसं येणार? मला शाळेत शिकवलं होतं ते एवढंच की रघुजींनी बंगालची चौथाई बसवली आणि ओडिशा जिंकला. माझ्या घरापासून रघुजीनगर सायकलनं गाठण्याइतकं जवळ होतं, पण या मोहिमेत बंगालच्या बाजूला कोण होतं आणि त्यांचं काय झालं, हा प्रश्न ना पुस्तकानं काढला ना बाईंनी.

भाऊ-वहिनी परतल्यावर मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली (भाच्याच्या धड्याचे फोटो मागवले). भाच्याच्या पुस्तकात 'राष्ट्ररक्षक मराठे' असा एक धडाच आहे. पुढच्या धड्यात रघुजी येतात: शाहू महाराजांनी बंगाल-बिहार-ओडिशाच्या चौथाईचा अधिकार दिला, १७५१ मध्ये अलिवर्दीकडून ओडिशा मिळवला, १८०३ पर्यंत तिथे मराठ्यांचं वर्चस्व. झालं. नऊ वर्षांची मोहीम चार ओळींत, आणि त्या ओळींत एकही बंगाली माणूस नाही. चौथाई वसूल होते, पण ती कुणी दिली हे कळत नाही.

लेकीच्या पुस्तकातही वेगळं काही नाही, फक्त उलटं. तिथे मराठे पावसाळ्यासारखे येतात. कुठून आले, कशाच्या जोरावर मागत होते, शाहू कोण, हे नाही. तिनं आधीच्या वर्षी शिवाजी महाराज शिकलेत. तो धडा आणि हा धडा यांतली माणसं एकाच घराण्याच्या राज्यातली आहेत, याची तिला गंधवार्ता नव्हती.

तर प्रश्न असा. यांतलं कुठलं पुस्तक खोटं आहे? की दोन्ही खरी असून खोटं शिकवतात? आणि पुस्तकं करणारे हे ठरवून करतात का? 'दोन्ही बाजू सांग' असा सल्ला कृपया देऊ नका. तो मलाही सुचला होता. बाजू दोन आहेत की चार, हेच मला कळेनासं झालंय.

---

गप्प_बसा

ताई, लेकीला परीक्षेत बोर्गी लिहू द्या आणि भाच्याला रघुजीराजे. दोघांनाही पैकीच्या पैकी मिळतील. बाकी दिदांना माझा नमस्कार.

---

खडू_फळा

तीस-एक वर्षं राज्य मंडळाच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालोय, अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पहिलं, पुस्तकं कुणी रात्री बसून कट करून लिहीत नाही. बालभारती १९६७ पासून हे काम करते आहे, विषय समित्या असतात, त्यात जाणकार मंडळी असतात. पण ती पुस्तकं काय होऊ शकतात हे आधीच ठरलेलं असतं. पानं मोजकी. पुढे दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर. 'चुकीची जोडी ओळखून लिहा', 'संकल्पनाचित्र पूर्ण करा', 'विधान सकारण स्पष्ट करा'. ज्या गोष्टीचं सकारण उत्तर तीन ओळींत बसत नाही, ती गोष्ट पुस्तकात टिकत नाही. बंगालची मोहीम तीन ओळींत बसवायची तर चौथाई उरते, बंगालमधलं कटवा (मराठ्यांची तिथली छावणी) उरत नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे चौथीपासून इतिहास म्हणजे शिवछत्रपती. ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आणि चांगलंच होतं, मी त्याच्यावरच वाढलो. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. 'स्वराज्य' हा शब्द १६८० ला थांबायला हवा होता तो १८१८ पर्यंत ताणला गेला. शिवाजी महाराजांची राजनीती, शाहूंची, पेशव्यांची, शिंदे-होळकर-भोसले-गायकवाडांची, सगळी एकाच भगव्या कापडात गुंडाळली. तुमच्या भाच्यानं भाजीच्या देठाचं वाक्य रघुजींना लावलं, त्यात पोराचा दोष नाही. पुस्तकानंच त्याला फरक दाखवला नाही.

गंमत म्हणजे ते भाजीचं पत्र नीट वाचलं तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लष्कराला लिहिलेलं पत्र आहे ते. दाणा-वैरण जपून वापरली नाहीत, पावसाळ्यात घोडी मरायला लागली, की मग कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटे, कुणी भाजी, कुणी पाले. असं झालं तर घर धरून राहिलेले कुणबीही निघून जातील, आणि त्यांना वाटेल 'मोगल मुलकात आले त्याहूनही अधिक तुम्ही'. विचार करा, हे शत्रूला लिहिलेलं नाही. म्हणजे स्वतःचं सैन्य काय करू शकतं हे राजाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तंबी दिली. पुस्तकात या पत्राचं काय होतं? 'महाराज रयतेची काळजी घेत', पूर्णविराम. तंबी गेली, कौतुक राहिलं. मी वर्गात हे पत्र पूर्ण वाचून दाखवायचो आणि विचारायचो, महाराजांना असं पत्र लिहावं का लागलं? पहिल्यांदा सगळे गप्प. मग मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचा, "सर, आधी कुणीतरी भाजी उचलली असंल."

आता बंगाल. माझ्या वाचनातला थोडा ऐवज देतो, तुमच्या पोरांना उपयोगी पडेल.

१७४२ च्या वसंतात रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. अलिवर्दीला बर्दवानजवळ घेरलं. त्यांना वाट दाखवणारा, मुर्शिदाबादेत जगतशेठच्या पेढीवर नेणारा माणूस कोण, तर मीर हबीब, नवाबाच्याच राज्यातला फुटलेला इराणी मुत्सद्दी. त्याच वर्षी भास्करपंतांनी कटव्याजवळ दाँइहाटला मोठ्या थाटात दुर्गापूजा मांडली आणि नवमीच्या रात्री अलिवर्दीनं नदी ओलांडून छावणीवर झडप घातली. पूजा अर्धी टाकून सैन्य पळालं. मार्च १७४४ मध्ये अलिवर्दीनं तहाच्या बोलणीला म्हणून भास्करपंतांना मानकरा या गावी तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसकट कापून काढलं. हा दगाही दोन्हीकडच्या मुलांना नीट सांगितला जात नाही. सांगितला तर तिकडे नवाबाची अडचण, आणि इकडे 'पंत तिथे दोन वर्षं करत काय होते' हा प्रश्न येतो.

आणि मधलं १७४३ साल. हे खास भाच्यासाठी. त्या साली खुद्द नानासाहेब पेशवे फौज घेऊन बंगालमध्ये गेले. रघुजींच्या मदतीला? छे. अलिवर्दीच्या बाजूनं. नवाबानं शाहूंची चौथाई कबूल केली, पेशव्यांना मोहिमेच्या खर्चापोटी २२ लाख दिले, आणि पेशव्यांनी रघुजींच्या फौजेला बंगालबाहेर पिटाळलं. शेवटी शाहूंनी साताऱ्यात दोघांना बसवून मुलूख वाटून दिले, बंगाल रघुजींच्या वाट्याला. आता 'राष्ट्ररक्षक' या धड्याच्या नावाशी हे ताडून पाहा. पेशवे राष्ट्राचं रक्षण करत होते की रघुजी? आणि त्या राष्ट्रात बंगालचा कुणबी धरला होता की नाही?

माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. तपशील फारसे खोटे नसतात. आजचा नकाशा उचलून १७४० वर ठेवला जातो. एकदा तो ठेवला की देशाच्या एका भागानं दुसऱ्याला मारल्याचं सांगता येत नाही, कारण मग राष्ट्र स्वतःलाच लुटतंय असं दिसतं. म्हणून आपल्या पुस्तकात बंगाली गायब, आणि बंगाली पुस्तकात मराठ्यांचा गाव-पत्ता गायब.

---

पर्वतीकर

मास्तर, लेखन आवडलं पण एक आक्षेप नोंदवतो.

आत्मटीका करायची तर ती फक्त आपणच का करायची? माझा मुलगा सीबीएसईला. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात मुघलांना अख्खा धडा आणि मराठ्यांना अठराव्या शतकाच्या धड्यात, शीख-जाटांच्या रांगेत, काही पानं. दिल्लीत बसून लिहिलेला देशाचा इतिहास म्हणजे दिल्लीचाच इतिहास. अटकेपर्यंत गेलेली सत्ता त्यांना 'प्रादेशिक' वाटते. चाळीस-पन्नास वर्षं हे चाललं, तेव्हा विकृतीकरणाचे धागे निघाले नाहीत.

शिवाय अठराव्या शतकात कुठलं सैन्य दाणावैरण विकत घेत होतं? नादिरशहाच्या फौजेनं दिल्लीत १७३९ मध्ये काय केलं? अब्दालीनं मथुरेत १७५७ मध्ये काय केलं? त्या मापानं मोजा आणि मग बोला.

---

खडू_फळा

@पर्वतीकर, एनसीईआरटीबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, मी स्वतः ती भाषणांतून केली आहे. पण आता काय झालं पाहा. २०२३ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचं प्रकरणच काढलं. २०२५ च्या सातवीच्या नव्या पुस्तकातून दिल्लीची सल्तनत आणि मुघल गेले, ते आठवीत ढकलले. आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळालं, आनंद आहे. पण त्यातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात रंगवलं, तिथल्या राजघराण्यानं ऑगस्टमध्ये आवाज उठवला आणि परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. मुघलांचं पान फाडून मराठ्यांचं चिकटवलं की दुरुस्ती झाली, असं तुम्हाला वाटतं का? ज्याच्याशी सत्तावीस वर्षं लढले त्याचं राज्यच पुस्तकात आखडत गेलं, तर संताजी घोरपडे कुणाच्या छावणीचे कळस कापत होते, हे पोरांनी ओळखायचं कसं?

गांधीहत्येचं तसंच. बारावीच्या पुस्तकात मारेकऱ्याची ओळख होती, पुण्याचा ब्राह्मण आणि अतिरेकी हिंदू वर्तमानपत्राचा संपादक. ती काढली. तुम्ही-आम्ही पुण्या-मुंबईचे लोक त्या वाक्यानं अवघडत असू, पण ते खरं होतं. याच काटछाटीनंतर पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी २०२३ च्या जूनमध्ये एनसीईआरटीला कळवलं की राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरची मुख्य सल्लागार म्हणून आमची नावं काढून टाका.

नादिरशहाच्या मापाबद्दल. माप सर्वांना तेच लावा, हरकत नाही. मी फक्त इतकंच म्हणतो की माप आपल्याकडेच आहे, चिपळूणच्या पत्रात. बाहेरून आणायची गरज नाही.

आणि हे लपवल्यानं नुकसान कुणाचं होतं? आपल्याच मुलांचं. पानिपत शिकवताना दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो: "सर, अब्दाली परका होता तर राजपूत का नाही आले आपल्या बाजूनं?" पुस्तकात याला धड उत्तर नाही. उत्तर जयपुरात आहे. होळकरांच्या पैशाच्या तगाद्यानं सवाई ईश्वरीसिंगानं डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात जयपूर बघायला शहरात शिरलेल्या मराठ्यांवर लोक तुटून पडले आणि वेशी लावून दिवसभर कत्तल झाली. त्यात आपली माणसं गेली, हजारांच्या हिशेबात. आपलेच मेले तरी ते आपल्या पुस्तकात नाहीत, कारण सांगायचं तर आधीचं विषही सांगावं लागतं. हे न सांगता १४ जानेवारी १७६१ शिकवलं की मग 'फितुरी' आणि 'दुर्दैव' एवढंच शिल्लक राहतं.

---

शर्मिला_डेक्कन

मी बंगाली, लग्नानंतर पुण्यात. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या, सासूबाईंनी एकदा वाचून दिलंय.

आमच्या बाजूनं थोडं सांगते. बंगालच्या पुस्तकांतही खूप सोयीनं गाळलेलं आहे. अलिवर्दीखान आमच्याकडे म्हातारा, शूर, प्रजेसाठी धावणारा नवाब. तो स्वतः आधीच्या नवाबाला, सर्फराजखानाला, १७४० मध्ये मारून गादीवर आला होता. आणि मराठ्यांना पैसे द्यायचे म्हणून त्यानं जमीनदारांवर जी वाढीव पट्टी बसवली, तिचं नावच 'चौथ मराठा'. ती शेवटी भरली शेतकऱ्यानं. म्हणजे अंगाईतला 'सारा' मागायला दारात उभा राहणारा माणूस नवाबाचाच होता. बोर्गी धान नेणार, नवाब पैसे मागणार. लहानपणी मला वाटायचं सारासुद्धा बोर्गींनाच द्यायचा आहे. पुस्तकानंही कधी तसं नाही म्हणून सांगितलं नाही.

कोलकात्याची मराठा खंदकाची गोष्ट तर विनोदीच आहे. १७४२ मध्ये कंपनीनं नवाबाची परवानगी घेऊन शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला काढला. तीनेक मैल झाला, मराठे काही आले नाहीत, काम बंद. चौदा वर्षांनी कोलकाता घेतलं ते सिराजउद्दौल्यानं, म्हणजे ज्या नवाबाच्या परवानगीनं खंदक खणला त्याच्याच नातवानं! तो सिराज पुढे आमच्या नाटकांत, पुस्तकांत देशभक्त झाला. ताई, बागबाजारला मराठा डिच लेन अजून आहे, मुलीला घेऊन जा. खंदक काही दिसणार नाही, तो बुजवून सर्क्युलर रोड केला. पण पाटी आहे.

आता तुमच्या मराठी लोकांना माहीत नसेल अशी एक गोष्ट. याच बंगालनं १९०२ पासून कोलकात्यात शिवाजी उत्सव केला. सुरू करणारे सखाराम गणेश देउस्कर, घराणं मूळ कोकणातलं, पण लिहायचे बंगालीत. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजी महाराजांवर मोठी कविता लिहिली. १९०६ च्या उत्सवाला टिळक स्वतः आले. म्हणजे माझ्या पणजीच्या घरात संध्याकाळी शिवाजी महाराजांचा जयजयकार आणि रात्री तीच अंगाई. त्या लोकांना हे जमत होतं. त्यांना इंग्रजाविरुद्ध वीर हवा होता, तो त्यांनी महाराष्ट्रातून घेतला, आणि बोर्गी सोयीस्करपणे बाजूला ठेवले. पाठ्यपुस्तकातला 'राष्ट्रीय इतिहास' जन्मला तो साधारण याच काळात, आणि गाळण्याची सवय त्याला तेव्हापासूनची आहे असं मला वाटतं.

---

खडू_फळा

@शर्मिला, 'चौथ मराठा' ही भर फार मोलाची. आणि मराठी उत्तम आहे, सासूबाईंना सांगा.

तुमच्यावरून आठवलं. जदुनाथ सरकार बंगाली आणि रियासतकार सरदेसाई मराठी, दोघांची आयुष्यभराची दोस्ती. सरकार मराठी कागद वाचायला शिकले, सरदेसायांच्या कामशेतच्या घरी येऊन राहायचे. बोर्गींच्या अत्याचारांवर सरकारांनी जितकं कडक लिहिलंय तितकं क्वचित कुणी लिहिलं असेल. त्यावरून मैत्री तुटली नाही. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड दोघांनी मिळून काढले. या दोघांच्या अभ्यासातून जे जमा झालं त्यातलं पाठ्यपुस्तकात किती झिरपलं? 

---

महालची_माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. गप्प_बसा, दिदांना नमस्कार पोचवला, त्यांनी विचारलं हा मुलगा कोण आणि लग्न झालंय का.

शर्मिलाताई, बागबाजारला जाऊन आलो. पाटीखाली लेकीनं फोटो काढला आणि भाच्याला पाठवला, खाली लिहिलं, 'तुमच्या भीतीनं खणलेला'. त्याचं उलट उत्तर, 'पण आलोच नाही ना!' एवढ्यावर निदान अबोला सुटला.

मास्तर, १७४३ चं भाच्याला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, म्हणजे पेशवे बोर्गींच्या विरुद्ध होते?" मी म्हटलं, त्या साली होते. "आणि पुढच्या साली?" पुढच्या साली शाहूंनी मुलूख वाटून दिला होता, म्हणून ते आपल्या वाटेनं. त्यावर त्यानं विचारलं की हे परीक्षेत लिहिलं तर मार्क कापतील का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही पेपर तपासलेत, तुम्हीच सांगा.

लेकीचं वेगळंच. तिच्या बंगालीच्या बाईंनी गंगाराम या बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराण'चा उतारा वाचून दाखवला. १७५१ ची पोथी, म्हणजे हे सगळं नुकतंच घडून गेल्यानंतरची. त्यात पळणाऱ्या लोकांची यादी आहे. पंडित पोथ्यांची ओझी घेऊन, सोनार तराजू-वजनं घेऊन, कासार तांब्या-पितळेची भांडी घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. ती मला बंगालीतून वाचून दाखवत होती आणि मी मनात एकेक माणूस महालात ठेवत होते. कुंभार चाक घेऊन निघाला, हे मला जास्त लागलं. चाक घेऊन किती पळता येतं?

पण त्याच पुराणाची सुरुवात वाचली तर डोकं चक्रावतं. पृथ्वीवर पाप फार झालं म्हणून शंकरानं नंदीला पाठवलं आणि शाहू राजाच्या मनात चौथाई मागायचं भरवलं! म्हणजे मराठे आधी देवाच्याच आज्ञेनं आलेत. पुढे त्यांनी ब्राह्मण, गाई, बायका काही पाहिलं नाही, तेव्हा देवीनं त्यांच्यावरची कृपा काढून नवाबाकडे वळवली. हे ऐकून लेक म्हणाली, "आई, याला धड हिंदू बाजू पण म्हणता येत नाही आणि मुसलमान बाजू पण नाही." तिच्या पुस्तकात गंगारामाचं नाव आलं तरी ते 'पुरावा' म्हणून, लुटीच्या वर्णनापुरतं. नंदी गाळलाय.

एक विचारायचं राहिलं. जानेवारीत भाऊ पुन्हा येणार आहे, तेव्हा दोघा पोरांना कटव्याला न्यायचा विचार आहे. दाँइहाटला भास्करपंतांच्या पूजेची काही जागा दाखवतात का? आणि एका दिवसात जाऊन येणं होतं का?

---

शर्मिला_डेक्कन

होतं. हावड्याहून बँडेलमार्गे कटवा लोकल पकडा, सकाळची. दाँइहाट कटव्याच्या अलीकडेच लागतं, आधी तिथे उतरा, तिथून पुढे कटवा. स्टेशनबाहेर टोटोवाल्याला (टोटो म्हणजे ई-रिक्षा) 'भास्कर पंडित' म्हणा. फक्त आम्ही नागपूरचे, हे परतताना सांगा.

---

खडू_फळा

भाच्याच्या मार्कांबद्दल: तीन गुणांच्या प्रश्नात पुस्तकातले मुद्दे आधी लिहायचे, १७४३ शेवटच्या ओळीत. मी तपासनीस असतो तर गुण कापले नसते, पण नमुना उत्तरात नसलेला मुद्दा दिसला की अर्धा गुण कमी करणारे सहकारी मी पाहिलेत. गंगारामाचं इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये झालंय, डिमॉक आणि प्रतुल गुप्त यांचं. मराठीत कुणी पूर्ण केलेलं असेल आणि इथे कुणाकडे प्रत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, झेरॉक्स आणि टपालाचा खर्च माझा.